डिझेलला शिट्टी नसते

खरवईच्या वाटेवर एका नव्या कॉम्प्लेक्सच्या गेटापाशी चौथऱ्यावर एक इंजिन उभं आहे. निम्म्या बदलापुराने त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढलेत. त्याच्या डोक्यावर पत्र्याचं धुराडं बसवलंय, चाकं लालभडक रंगवलीत, आणि संध्याकाळी वॉचमनने बटण दाबलं की कुठेतरी लपवलेल्या स्पीकरमधून आधी छुकछुक आणि मग कूऽऽ अशी शिट्टी येते. खाली पाटी आहे, 'वाफेचे इंजिन : आपला वारसा'.

तर आधी हे सांगून टाकते. ते वाफेचं इंजिन नाही. कधीच नव्हतं. त्याने जन्मात छुकछुक केली नाही, शिट्टी मारली नाही, कोळशाचा एक खडा पोटात घेतला नाही. ते मालगाडीचं डिझेल इंजिन आहे, आणि डिझेलला शिट्टी नसते, भोंगा असतो. हे मला ज्यांनी शिकवलं ते आता नाहीत, म्हणून मी सांगत असते. दुकानात गिऱ्हाईक ताटकळत असलं तरी सांगते. लोक 'हो का' म्हणतात आणि पोळ्यांचं पाकीट घेऊन निघून जातात.

माझं शिरगावात पोळीभाजी केंद्र आहे. पुढे काउंटर, मागे दोन टेबलं. हे शिकवणारे काका त्यातल्या भिंतीकडच्या टेबलावर बसायचे. सबंध नोकरी रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये फिटर म्हणून काढलेली. बायको गेलेली, मुलगा बंगळुरूला. नोकरीभर अंबरनाथला भाड्याने राहिले आणि रिटायर झाल्यावर आमच्या गल्लीच्या टोकाला वन रूम किचन घेतलं. गल्लीतले लोक त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचे, आणि दर वेळी ते तितकेच चिडायचे.

"मी ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर काय, बसतो, पळवतो आणि घरी जातो. इंजिन आजारी पडलं की आमच्या दारात आणून सोडतो. तुम्ही डॉक्टरला रिक्षावाला म्हणता का?"

समोर रिक्षावाला असला तरी असंच म्हणायचे. त्यावरून आमच्या नाक्यावरच्या रिक्षा स्टँडने एकदा त्यांच्यावर बहिष्कार टाकला. कुणी त्यांना रिक्षात घेईना. काका खुशाल चालत जायला लागले आणि वर येताजाता स्टँडवरच्या रिक्षांच्या इंजिनांना नावं ठेवायला लागले. शेवटी रिक्षावाल्यांनीच कंटाळून बहिष्कार उठवला.

त्यांच्या खिशात रुमाल नसायचा, वेस्टचा बोळा असायचा. वेस्ट म्हणजे गिरणीतल्या उरलेल्या सुताचा गुंता, शेडमध्ये तेलाचे हात पुसायला देतात तो. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी हा गुंता ते कुठून पैदा करायचे कोण जाणे. पहिल्याच दिवशी मी ताट ठेवलं तर काकांनी वेस्ट काढून ते खसाखसा पुसलं. माझं घासलेलं, धुतलेलं, पुसलेलं ताट. मी काउंटरवरून विचारलं, "काका, काय घाण होती का त्यात?"

"नाही वहिनी. आमच्यात पुसल्याशिवाय कशाला हात लावत नाहीत."

"मग हात पुसा. ताट कशाला पुसता?"

ते विचारात पडले. दुसऱ्या दिवशीपासून आधी हात पुसायचे आणि मग ताटही पुसायचे. माझं डोकं फिरायचं, पण शेवटी मी त्यांचं एक ताट वेगळंच ठेवलं.

लोकांना वाटतं, असा जुना कारागीर म्हणजे त्याला यंत्रातलं सगळं कळणार. काही नाही. माझा मिक्सर घरघरायला लागला तेव्हा काकांनी त्याला कान लावला, डोळे मिटले आणि निदान केलं की बेअरिंग गेलंय. मी म्हटलं, दुकानात देते. तर त्यांना ते सहन होईना. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी मिक्सर पूर्ण खोलला. बेअरिंग ठणठणीत होतं. भांड्याच्या तळाशी चहाचा चमचा अडकला होता. मिक्सर पुन्हा जोडला तर तीन स्क्रू उरले. "हे कंपनीने जास्तीचे दिलेत," असं म्हणून त्यांनी ते माझ्या हातावर ठेवले. तो मिक्सर पुढे चालू केला की ओट्यावर चालत जायचा. मी नवा घेतला तेव्हा काका दोन दिवस रुसून दुसरीकडे वडापाव खात होते.

त्यांचा खरा राग विजेच्या इंजिनांवर. त्यांच्या लेखी ती इंजिनंच नव्हती. "इस्त्रीला चाकं लावलीत," असं म्हणायचे. विजेच्या इंजिनाच्या टपावर तारेला टेकलेला जो सांगाडा असतो, त्याला ते हात म्हणायचे. "जन्मभर एक हात वर. वरून कुणीतरी घालायचं आणि याने खायचं. याला काय म्हणतात? भिकारी म्हणतात. आमचं इंजिन आपल्या पोटात आपलं अन्न घेऊन निघतं. स्वतःची वीज स्वतः तयार करतं. कुणापुढे हात पसरत नाही. आणि पावसात तार तुटली, रुळावर पाणी आलं, की हे सगळे भिकारी जागच्या जागी बसतात. मग त्यांना ओढून आणायला कोण जातं?"

"डिझेल," मी म्हणायची. न म्हटलं तर त्यांचं पुढे सरकत नसे.

"आणि भोंगा बघा त्यांचा. अगदी आमच्यासारखा. तेवढा मात्र आमच्याकडून उचललाय." हे ते अशा सुरात सांगायचे की घरातलं भांडं शेजाऱ्याकडे सापडलंय.

मालगाडीला कुणी काही बोललेलं त्यांना चालायचं नाही. एकदा एक ऑफिसला जाणारा मुलगा काउंटरपाशी करवादत आला, मालगाडी पुढे काढली म्हणून आपली गाडी अंबरनाथजवळ उभी करून ठेवली होती म्हणे. काका भिंतीकडच्या टेबलावरून म्हणाले, "ही पोळी कशाची आहे?"

"गव्हाची," तो मुलगा म्हणाला.

"तो गहू पंजाबातून चालत आला का?"

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "तू भाजी सांग बाबा, त्यांच्याकडे लक्ष देऊ नको." पण मनातून मला ते पटलं होतं. आपल्या दारात सिमेंट येतं, गहू येतो, खत येतं, आणि घेऊन येणाऱ्याला आपण शिव्या घालतो. ही कुठली रीत?

काकांचं एक खास इंजिन होतं. नंबरातले शेवटचे दोन आकडे बासष्ट, म्हणून शेडमध्ये सगळे त्याला बासष्ट म्हणायचे. काका नोकरीला लागले तेव्हा ते तरणं होतं आणि काका रिटायर झाले तेव्हा दोघांचेही सांधे दुखत होते. हे बासष्ट मोठं विक्षिप्त. थंडीत बंद केलं तर पुन्हा सुरू व्हायला नको म्हणायचं, म्हणून रात्रभर त्याला नुसतं धडधडत ठेवावं लागायचं. चढावर जोर लावला की आभाळ काळं करायचं. कुणी धुराबद्दल बोललं की काका म्हणायचे, "दम लागतो त्याला. तुम्ही पाठीवर पोतं घेऊन जिना चढा, मग बघू तुमच्या तोंडून काय निघतं ते." मी कधी त्या इंजिनावर चढले नाही, कधी त्याला चालताना पाहिलं नाही. तरी आज विचाराल तर मी त्याच्या सगळ्या खोडी सांगू शकते. आमच्या टेबलावर आमटीबरोबर तेच वाढलेलं असायचं.

मग तारा सगळीकडे पोचल्या आणि डिझेल इंजिनं एकेक करून बाजूला काढायला लागले. रेल्वेत त्याला शब्द आहे, कंडम. यार्डाच्या कोपऱ्यात इंजिन उभं करतात आणि त्याच्या अंगावर पांढऱ्या रंगाने तसं लिहितात. हा शब्द आपण सगळेच वापरतो. पंखा कंडम, रस्ता कंडम, बिल्डिंग कंडम. काकांसमोर वापरायची सोय नव्हती. एका खंडेनवमीला ते झेंडूचा हार घेऊन यार्डात गेले. शेडमध्ये असताना दर खंडेनवमीला बासष्टला हार असायचा, त्यात खंड कशाला, असं त्यांचं म्हणणं. पहाऱ्यावरच्या शिपायाने अडवलं. "काका, ते कंडम आहे. कंडमला कोण हार घालतं?"

"तुझा बाप रिटायर झाला ना? घरी त्याला काय म्हणतोस?"

शिपाई चांगला माणूस असावा. त्याने हार घेतला आणि स्वतः जाऊन घातला. काका लांबून बघत उभे राहिले. हे सगळं सांगताना त्यांचा आवाज चढलेला होता, पण त्या दिवशी त्यांनी ताट पुसलं नाही, ते मी पाहिलं.

पुढे बासष्टचा लिलाव झाला. आता ते कापून वजनावर जाणार, असं धरून काकांनी महिनाभर बोलणंच टाकलं. आणि मग एका सकाळी ते दुकान उघडायच्या आधीच शटरपाशी हजर. कुणा बिल्डरने बासष्ट भंगारवाल्याकडून सबंध विकत घेतलंय, खरवईला गेटावर ठेवणार आहे. "वहिनी, चला बघायला." त्या माणसाचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. पीठ मळायचं तसंच टाकून मी गेले.

ट्रेलरवरून उतरवलेलं ते धूड चौथऱ्यावर उभं होतं, गंजलेलं, पण होतं तसं. काकांनी त्याच्याभोवती चक्कर मारली. हात लावायच्या आधी वेस्ट काढून हात पुसला. मग चाकाजवळ उभं राहून मला म्हणाले, "हेच ते." मी नमस्कार केला. मला काय करावं ते सुचेना, म्हणून केला.

पुढल्या वेळी आम्ही गेलो तेव्हा धुराडं बसलं होतं. बिल्डरच्या माणसांनी चाकं रंगवली होती, पुढे पितळी रंगाची घंटा टांगली होती आणि पाटी लावून झाली होती. स्पीकरची चाचणी चालू होती. छुकछुक, छुकछुक, कूऽऽ. काका जागच्या जागी थांबले. मला वाटलं, चक्कर येतेय, म्हणून मी दंड धरला. चक्कर वगैरे काही नव्हतं. ते तसेच वळले आणि बिल्डरच्या ऑफिसात शिरले.

तिथला मॅनेजर म्हणजे घट्ट शर्टातला एक गोड बोलणारा पोरगा. त्याने आम्हाला थंड पाणी दिलं. "काका, रिअल साउंड आम्ही नेटवर ऐकला ना. खूप हार्श आहे. लहान मुलं घाबरतात. छुकछुक एकदम क्यूट वाटतं."

"घाबरतात? घाबरायलाच असतो तो भोंगा. बाजूला व्हा, मी येतोय, असं सांगतो तो. क्यूट असता तर माणसं मेली असती."

"बरोबर आहे काका, पण पब्लिकला इंजिन म्हणजे छुकछुकच माहीत आहे."

"मग सांगा ना त्यांना. पाटी आहे ना तुमच्याकडे? निदान धुराडं तरी काढा."

"धुराडं नाही निघणार काका, तो आपला सेल्फी पॉइंट आहे." आणि मग त्याला एकदम काहीतरी सुचलं. "काका, तुम्ही याच इंजिनाचे ड्रायव्हर होता का? मस्तच की. उद्घाटनाला तुमचाच सत्कार ठेवू. बटण तुम्ही दाबायचं."

मला वाटलं, आता टेबल उलटं होणार. काका म्हणाले, "येईन."

परतताना रस्ताभर मी त्यांना बोलत होते. "शाल घालून तुमच्याकडून त्यांच्या खोट्यावर शिक्का मारून घेणार आहेत. कळत कसं नाही तुम्हाला? आणि तोंड कशाला पाडता, कापलं तर नाही ना, वाचलं ना ते?"

काका रस्त्यातच थांबले. "वाचलं? तुमचा मुलगा हरवला. कुणी शोधून आणून दिला. पण फ्रॉक घालून, वेण्या घालून, आणि म्हणाला, घ्या, ही तुमची मुलगी. तर तुम्ही वाचला म्हणाल? कापलं असतं तर निदान बासष्ट म्हणून कापलं गेलं असतं." मग थोडं चालून म्हणाले, "माणसाबद्दल खोटं बोललं तर माणूस उलटून दोन शिव्या देतो. इंजिनाने काय करायचं?"

याचं उत्तर त्यांना स्वतःलाच सुचलं असणार, कारण त्याच आठवड्यात मी उल्हासनगरला घाऊक बाजारात डबे आणायला निघाले तेव्हा ते न विचारता बरोबर आले. मला डब्यांच्या दुकानात सोडून ते मागच्या गल्लीत भंगारबाजारात शिरले. माझी खरेदी आटोपली तरी पत्ता नाही, म्हणून मी शोधत गेले. एका गाळ्यात एक म्हातारे सिंधी शेठ पंख्याखाली बसले होते आणि काका त्यांच्यासमोर आपल्या शेडमधल्या हिंदीत बोलत होते.

"रेल का भोंगा चाहिए. डिझेल इंजिन का."

"क्या करोगे साईं? घर में बजाओगे तो बीवी भाग जाएगी."

"बीवी पहलेच गई."

शेठनी माणसाला आत पाठवलं. त्याने लोखंडाच्या ढिगातून एक तुतारीसारखं काहीतरी ओढून आणलं, चिखलाने आणि काजळीने भरलेलं. "सेठ, ये तो कंडम है, बजेगा नहीं."

काकांनी तोंड उघडायच्या आतच शेठ कडाडले. "ए, दुकान में ये शब्द नहीं बोलने का. कंडम बोलेगा तो बेचेगा क्या? जिसका ग्राहक आया वो माल, जिसका नहीं आया वो भी माल. उसका कल आएगा."

काकांनी शेठना वाकून नमस्कार केला. भर बाजारात. येताना भोंगा त्यांच्या मांडीवर होता. अंबरनाथ मागे पडल्यावर म्हणाले, "सगळ्या रेल्वेत मला हे कुणी बोललं नाही. भंगारवाला बोलला."

भोंगा आमच्याच टेबलावर साफ झाला. त्यात एक पातळ गोल पत्रा असतो, हवा आली की तो थरथरतो आणि आवाज निघतो. तो पत्रा सडून गेला होता. दोन दिवसांनी माझ्या नव्या डब्यांपैकी एकाचं झाकण सापडेना. पूर्ण कप्पा उपसला. मग काका दुपारी आले आणि भोंगा दाखवायला लागले, आत चकाकणारा नवा पत्रा. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. झाकणाशिवाय डबा म्हणजे काय, ते ज्याच्या साखरेत मुंग्या झाल्यात त्याला विचारा.

"वहिनी, त्याच जाडीचं दुसरं काही मिळालं नाही," एवढंच ते म्हणाले.

कॉम्प्लेक्सच्या गेटासमोर रस्त्यापलीकडे ट्रकच्या टायरांचं पंक्चरचं दुकान आहे. हवा भरायचा मोठा कॉम्प्रेसर आहे त्याच्याकडे. काकांनी त्याला काय सांगून पटवलं ते मला माहीत नाही. उद्घाटनाच्या दिवशी दुपारी मी तिथे पोचले तेव्हा भोंगा एका जुन्या टायरवर बांधून ठेवला होता आणि त्याला नळी जोडलेली होती. पंक्चरवाला विचारत होता, "चाचा, फटेगा तो नहीं ना?" काका म्हणाले, "फटा तो मेरा फटेगा, तेरा क्या?"

मंडप मोठा होता. खुर्च्यांना पांढरी कापडं, पुढे सोफे, सोफ्यांवर पुढारी. इंजिनाला झेंडूच्या माळा. सूत्रसंचालन करणारी मुलगी गोड आवाजात सांगत होती की आपले ज्येष्ठ ड्रायव्हरकाका आज आपल्या लाडक्या वाफेच्या इंजिनाला भेटायला आलेत. काकांना शाल मिळाली, नारळ मिळाला. मग त्यांच्या हातात माइक दिला आणि शेजारी टेबलावर लाल बटण ठेवलं.

"नमस्कार," काका म्हणाले. "मी ड्रायव्हर नव्हतो. फिटर होतो. आणि हे वाफेचं इंजिन नाही."

मुलगी दुसऱ्या माइकवर हसली. "काकांचा स्वभाव खूप विनोदी आहे."

"विनोद नाही. हे डिझेल आहे. मालगाडीचं. याने छुकछुक कधी—"

मॅनेजरने कुणाला तरी खूण केली. माइक बंद झाला आणि स्पीकर सुरू झाला. छुकछुक, छुकछुक. लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मुलं नाचायला लागली. आणि स्टेजवर काका बोलतच होते. ओठ हलत होते, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, एक शब्द ऐकू येत नव्हता. कूऽऽ झालं तेव्हा सोफ्यावरच्या पुढाऱ्याने पण हाताने शिट्टीची दोरी ओढल्यासारखं केलं, आणि सगळे हसले.

इतका संताप मला माझ्या स्वतःच्या अपमानाचाही कधी आला नाही. ज्या माणसाने आयुष्य या इंजिनाच्या पोटात हात घालून काढलं, तो समोर उभा राहून सांगतोय, आणि तुम्ही त्याच्या अंगावर शाल घालून त्याचंच तोंड बंद करता. मी उभी राहिले आणि ओरडले, "बोलू द्या त्यांना." मागून एक बाई म्हणाली, "ताई, बसा ना, व्हिडिओत येताय."

काकांनी माइक खाली ठेवला. स्टेजवरून उतरले, माझ्यापाशी आले, नारळ माझ्या हातात दिला आणि मंडपातून बाहेर पडले. लोकांना वाटलं, म्हातारा रागावून घरी निघाला. शाल अंगावर तशीच घेऊन त्यांनी रस्ता ओलांडला. पंक्चरवाल्याने कॉम्प्रेसर आधीच भरून ठेवला होता. काकांनी वेस्टने हात पुसले आणि कॉक उघडला.

आधी नुसतं फुस्स झालं. मग झाकण लागलं कामाला.

तो आवाज गोड नव्हता. उगाच कशाला खोटं सांगू? जाड, खरखरीत, छातीच्या फासळ्यांत घुसणारा. सोफ्यावरचे पुढारी दचकून उठले. पोरं रडायला लागली. कुत्री पळाली. छुकछुक चालू होती की बंद झाली हे कुणालाच कळलं नाही, कारण त्या भोंग्यापुढे ती उरलीच नाही. काकांनी कॉक सोडला नाही. कॉम्प्रेसरमधली सगळी हवा संपेपर्यंत ते तसेच उभे राहिले, आणि शेवटी आवाज खाली खाली येत थांबला. माझ्या हातात नारळ होता आणि मी रडत होते, हे मला शेजारच्या बाईने सांगितलं.

तेवढ्यात कॉम्प्लेक्सच्या मागून, मोकळ्या शेतांच्या पट्ट्यापलीकडून, उत्तर आलं. तसाच जाड भोंगा. एकदा, लांबलचक. मी वळून पाहिलं. दूर रुळावर मालगाडी चालली होती. पुढे विजेचं इंजिन होतं, हात वर केलेलं.

मी रस्ता ओलांडून काकांपाशी गेले. त्यांच्या हातात अजून कॉक होता. ते त्या गाडीकडे बघत होते, शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत.

"ऐकलंत?" त्यांनी विचारलं.

"ऐकलं."

"भिकाऱ्याने ओळखलं, वहिनी." आणि मग, "आता भिकारी म्हणायला नको त्याला."

पुढे व्हायचं ते झालं. कॉम्प्लेक्सने तक्रार केली, काकांना पोलीस चौकीत बोलावलं, तिथल्या साहेबांनी चहा पाजून समज दिली. दुसऱ्या दिवसापासून छुकछुक पुन्हा सुरू झाली, ती आजतागायत चालू आहे. काका पुढच्या वर्षी गेले. भोंगा माझ्या दुकानात लोणच्याच्या बरण्यांच्या वर ठेवलाय, आणि तो डबा अजून बिनझाकणाचा आहे.

ही गोष्ट सांगितली की शहाणी माणसं मला समजावतात. मालगाडीचा ड्रायव्हर कशालाही भोंगा वाजवतो म्हणे. वळण आलं की वाजवतो, रुळावर म्हैस आली तरी वाजवतो. मी त्यांना पोळ्या बांधून देते आणि एवढंच सांगते, मी वळून पाहिलं होतं. तिथे वळण नाही, आणि रुळावर म्हैस नव्हती.